गुंतलेल्या हातांची लिपी

ऑनलाइन खेळ चालू असताना पडद्याच्या एका कोपऱ्यात खेळाडूंनी एकमेकांना लिहिलेल्या ओळी सरकत असतात. या ओळींना 'चॅट' म्हणतात, आणि त्या कोणत्या परिस्थितीत लिहिल्या जातात हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांतील संक्षेपांचा उलगडा होत नाही. पत्र लिहिणाऱ्याचे दोन्ही हात पत्राच्या सेवेत असतात; खेळाडूला मात्र ज्या बोटांनी आपले पात्र पळवायचे, लपवायचे आणि लढवायचे, त्याच बोटांनी निरोपही टंकायचा असतो, आणि निरोपात गेलेले दोन सेकंद कधी कधी साऱ्या डावाच्या मोलाचे ठरतात. या लेखनाला आळशी किंवा भ्रष्ट म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही की हे हात रिकामे नसलेल्या माणसाचे लेखन आहे.

संक्षेपाचे मराठी माणसाला मुळात नवल वाटू नये. जुन्या पत्रांतील 'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', लग्नपत्रिकेतील 'चि. सौ. कां.', पत्त्यातील 'मु. पो.', पत्राच्या शेवटचे 'ता. क.' हे सारे संक्षेप पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आणि ते वापरणाऱ्यांवर भाषा बिघडवल्याचा आरोप कधी झाला नाही. फरक आहे तो त्यांच्यामागच्या कारणांत. पत्रातले संक्षेप ठरावीक उपचार पुन्हा पुन्हा लिहावा लागत असल्यामुळे जन्मले, तारेच्या मजकुरातली काटकसर शब्दागणिक पैसे पडत म्हणून आली, आणि खेळातले संक्षेप वेळेच्या टंचाईतून आले. टंचाई कशाची, यावर संक्षेपाचे रूप बरेचसे अवलंबून असते.

प्रथम एक खुलासा करणे आवश्यक आहे. चॅटमध्ये संक्षेप म्हणून जे ओळखले जाते ते सारे एकाच जातीचे नसते. काही शब्द खरोखर आद्याक्षरांचे बनलेले असतात. काही मोठ्या शब्दाची काटछाट होऊन उरलेले असतात. काही तर केवळ बोट चुकल्यामुळे जन्मलेले असतात. या जाती वेगळ्या न केल्यामुळे प्रत्येक शब्दामागे आद्याक्षरेच दडलेली आहेत अशी समजूत होते, आणि मग नसलेला विस्तार रचला जातो.

काटछाटीचे एक जुने उदाहरण 'मॉब' हे आहे. आजच्या खेळाडूच्या लेखी मॉब म्हणजे संगणकाने चालवलेला शत्रू किंवा प्राणी, ज्याला मारून गुण मिळतात. इंग्रजीत याच उच्चाराचा, जमाव या अर्थाचा शब्द असल्यामुळे शत्रूंच्या झुंडीवरून हे नाव पडले असावे असे सहज वाटते, परंतु ते खरे नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली एक खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. 'मल्टि-यूझर डंजन', म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचे भुयार, या नावाच्या आद्याक्षरांवरून तो 'मड' म्हणून प्रसिद्ध झाला. या खेळात चित्रे नव्हती. खोली, वाट, शत्रू यांचे सारे वर्णन शब्दांनीच होत असे. जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूंपासून हलत्या-फिरत्या प्राण्यांचा भेद दाखवण्यासाठी प्रोग्रॅममध्ये त्यांना 'मोबाइल' म्हटले गेले आणि त्याचेच 'मॉब' झाले. रचनाकारांच्या कामापुरता असलेला शब्द खेळाडूंच्या तोंडी गेला, मडच्या वंशातील पुढच्या खेळांनी तो उचलला, आणि त्यात फिरण्याचा अर्थ होता हे मागे पडले.

मडच्याही आधीचा एक थर कागदावरच्या खेळाचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून फासे, कागद आणि पेन्सिल यांच्या साहाय्याने तो खेळत. पात्राची उरलेली जीवनशक्ती मोजणारे 'हिट पॉइंट्स' म्हणजे एचपी, आणि अनुभवाची बेरीज करणारे 'एक्स्पीरियन्स पॉइंट्स' म्हणजे एक्सपी, ही मापे संगणकाच्या खेळांत याच वाटेने आली. यांतील पहिल्या मापाचे मूळ आणखी मागे जाते, कारण अमेरिकेच्या यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या एका युद्धखेळावरून ते घेतल्याचे आर्नेसन यांनी सांगितले होते. एका तडाख्यात माणूस मरतो, जहाज मात्र अनेक गोळे खाऊन मगच बुडते. तो जहाजाचा गुण माणसाला दिला गेला. आज पुण्यातला एखादा मुलगा मोबाइलवर खेळताना सोबत्याला आपला एचपी कमी झाल्याचे सांगतो, तेव्हा तो मुळात जहाजासाठी शोधलेले माप वापरत असतो.

सैनिकी भाषेतून आलेल्या 'फ्रॅग' या शब्दाचा इतिहास याहून कठोर आहे. इड सॉफ्टवेअर या कंपनीचा 'डूम' हा नेमबाजीचा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी बाहेर आला. त्यात चार खेळाडूंना आपापल्या संगणकांवरून एकमेकांशी लढता येत असे, आणि प्रतिस्पर्ध्याला मारल्यावर पडणाऱ्या गुणाला फ्रॅग म्हणत. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिक आपल्याच नकोशा अधिकाऱ्याला हातबाँबने ठार करत, त्या कृत्याला हा शब्द लावला जाई. फुटून तुकडे उडणाऱ्या बाँबच्या इंग्रजी नावातला तो पहिला तुकडा होय. तो लिहिणाऱ्या आजच्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल. शब्द छोटा झाला की त्याची जखमही झाकली जाते, हे या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

वेगाने खेळायच्या या खेळांत हात कसे गुंततात हेही पाहण्याजोगे आहे. १९९६ साली आलेल्या 'क्वेक' नंतर उजवा हात माउसवर आणि डाव्या हाताची बोटे कीबोर्डवरच्या डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळांवर ठेवण्याची पद्धत रुळली. डेनिस फाँग, म्हणजेच 'थ्रेश', या खेळाडूने ती लोकप्रिय केली. १९९७ च्या स्पर्धेत तो पहिला आला आणि खेळाचा रचनाकार जॉन कारमॅक याने त्याला स्वतःची फरारी मोटार बक्षीस दिली. डावा हात असा बसला की जी आणि एफ या कळा एका बोटाच्या अंतरावर येतात. 'जीजी' आणि 'एफएफ', म्हणजे 'डाव सोडतो', हे दोन संक्षेप केवळ या सोयीमुळे जन्मले असे म्हणता येणार नाही, परंतु उजवा हात न हलवता ते लिहिता येतात ही सोय त्यांच्या टिकून राहण्याला अनुकूल ठरली असावी.

जीजी हा या साऱ्या शब्दसंपत्तीचा मुकुटमणी आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवे. त्याचा विस्तार 'गुड गेम', म्हणजे 'डाव छान झाला', एवढाच आहे. मैदानी खेळानंतर दोन्ही संघ हस्तांदोलन करतात. पडद्यावर हात हातात देता येत नाही, म्हणून ती जागा या दोन अक्षरांनी घेतली. प्रारंभी 'जीएलएचएफ', म्हणजे शुभेच्छा आणि मजेत खेळा, आणि अखेरीस जीजी असा हा उपचार झाला. या उपचाराला नियमाचे वजन आले ते दक्षिण कोरियात. ब्लिझर्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा डावपेचांचा खेळ ३१ मार्च १९९८ रोजी प्रसिद्ध झाला आणि तेथील 'पीसी बाँग' नावाच्या संगणकगृहांत तो इतका खेळला गेला की त्याचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले. या सामन्यांत हार दिसू लागलेला खेळाडू जीजी लिहून डाव सोडत असे, म्हणजे तेथे या अक्षरांचा अर्थ 'मी हरलो, तू चांगला खेळलास' असा झाला. त्यामुळे जिंकणाऱ्याने जीजी आधी लिहिणे उद्धटपणाचे मानले गेले, कारण शरणागती जाहीर करण्याचा अधिकार शरण जाणाऱ्याचा असतो.

कोरियन लिपीत हा शब्द शिरला तेव्हा एक सुंदर गोष्ट घडली. कोरियन लोक त्याचा उच्चार 'जिजी' असा करतात आणि लिहिताना दोन्ही अवयवांची पहिली व्यंजने तेवढी ठेवतात. अशा रीतीने इंग्रजी संक्षेपाचा पुन्हा कोरियन संक्षेप झाला. कोरियन कीबोर्डवर हे व्यंजन डब्ल्यूच्या कळेवर येते. उलट, कीबोर्ड कोरियन लिपीत असताना जीची कळ दोनदा दाबली तर हसण्याचा सौम्य आवाज दाखवणारी 'ह'ची जोडी उमटते. एकच कळ एका लिपीत निरोप घेते आणि दुसऱ्या लिपीत हसते. मराठी कानाला मात्र 'जी जी' ऐकताच पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून सूर धरणारे झीलकरी आठवावेत हे स्वाभाविक आहे, जरी या दोहोंत ध्वनीपलीकडे कोणतेही नाते नाही.

हसण्याचे संक्षेप हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, कारण त्यात प्रत्येक भाषेने आपापल्या लिपीचे सामर्थ्य वापरलेले दिसते. मोठ्याने हसणे सांगणारा 'लोल' ऐंशीच्या दशकातील संगणकी फलकांवर रुळला होता. तो खेळांनी निर्माण केला नाही, केवळ वापरला. थाई भाषेत पाच या अंकाचा उच्चार 'हा' असल्याने थाई खेळाडू ५५५ लिहून हसतो. जपानी खेळाडू 'वाराई', म्हणजे हास्य, या शब्दाचे रोमन आद्याक्षर डब्ल्यू अनेकदा लिहितो, आणि ओळीने लिहिलेले डब्ल्यू उगवलेल्या गवतासारखे दिसतात म्हणून गवताचे चिन्हच जपानीत हसण्यासाठी लिहिले जाऊ लागले. कोरियन हसण्यात 'क' हे व्यंजन ओळीने येते आणि स्टारक्राफ्टच्या काळात इतर देशांतील खेळाडूंना ते रोमन लिपीत 'केकेके' असे दिसे. ब्लिझर्डच्याच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ च्या खेळात परस्परविरोधी दोन पक्षांना एकमेकांची भाषा कळू नये अशी योजना होती. त्यात 'होर्ड' पक्षाच्या खेळाडूने लोल लिहिले की समोरच्या 'अलायन्स' पक्षाला 'केक' असे दिसत असे, आणि त्यातून 'केक' हाच हसण्याचा नवा शब्द होऊन बसला.

बाजाराचे आणि कामाचे संक्षेप सर्वांत विपुल प्रमाणात सापडतात ते 'एव्हरक्वेस्ट' या १६ मार्च १९९९ रोजी सुरू झालेल्या खेळात. हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी राहत, आणि बलाढ्य शत्रू एकट्याने मारणे शक्य नसल्यामुळे टोळी जमवावी लागे. 'एलएफजी' म्हणजे 'टोळीच्या शोधात', ही तेथील रोजची हाळी होती. 'डीपीएस' हे मुळात माप आहे, म्हणजे दर सेकंदाला शत्रूचे केलेले नुकसान. पण टोळीला डीपीएस हवा आहे असे म्हटले की ते माप धारण करणारा माणूस हवा असतो, जसे मराठीत 'घरात कमावते हात हवेत' म्हणताना हात म्हणजे माणूसच अभिप्रेत असतो. जखमा भरून काढणारा खेळाडू 'ओओएम' लिहितो तेव्हा त्याची मंत्रशक्ती, म्हणजे 'माना', संपलेली असते, आणि त्या तीन अक्षरांवर सगळ्या टोळीचा जीव टांगलेला असतो. माना हा शब्द प्रशांत महासागरातील बेटांवरचा आहे. रॉबर्ट कॉड्रिंग्टन या मिशनरी अभ्यासकाने १८९१ च्या ग्रंथातून तो युरोपीय वाचकांपर्यंत नेला आणि लॅरी निव्हन या लेखकाने १९६९ च्या एका कथेत माना ही खर्च होऊन संपणारी वस्तू आहे अशी कल्पना मांडली. तीन अक्षरांमागे इतका प्रवास आहे.

एव्हरक्वेस्टमध्ये आरंभी बाजारपेठ नव्हती. खेळाडूंनीच 'ईस्ट कॉमनलँड्स' नावाच्या प्रदेशातील एक बोगदा निवडला आणि तेथे उभे राहून ते तलवारी, चिलखते, अंगठ्या यांचा सौदा करू लागले. 'डब्ल्यूटीएस' म्हणजे विकायचे आहे, 'डब्ल्यूटीबी' म्हणजे घ्यायचे आहे. या दोन आरोळ्यांनी चॅटची खिडकी आठवडी बाजारासारखी गजबजलेली असे. ओळी इतक्या झरझर सरकत की ज्याची आरोळी लांब त्याची न वाचताच निघून जाई, म्हणून येथे संक्षेप लिहिणाऱ्याइतकाच वाचणाऱ्याच्याही सोयीचा होता. २००१ च्या अखेरीस आलेल्या 'शॅडोज ऑफ लुक्लिन' या विस्ताराबरोबर खेळाच्या निर्मात्यांनी स्वतंत्र पेठ उभारली आणि बोगदा ओस पडत गेला. त्या पेठेचे नाव 'बझार' होते. फारसीतून मराठीत आलेला आपला बाजार तोच.

आद्याक्षरे एकच असली तरी अर्थ खेळागणिक बदलतो. सीएस म्हणजे नेमबाजीच्या खेळाडूला 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ, तर 'लीग ऑफ लेजेंड्स' खेळणाऱ्याला मारलेल्या किरकोळ सैनिकांची संख्या. जीएम म्हणजे कुठे खेळावर देखरेख करणारा अधिकारी, कुठे संघाचा प्रमुख. म्हणून संक्षेपांच्या सरसकट याद्या फारशा उपयोगी पडत नाहीत. शब्द कोणत्या खेळात आणि कोणी कोणाला उद्देशून लिहिला हे कळल्याशिवाय अर्थ हाती येत नाही.

आता मागाहून रचलेल्या विस्तारांकडे वळले पाहिजे, कारण या विषयातील सर्वाधिक चुका येथे होतात. जाळ्यावरून संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ खेळाडू 'पिंग'मध्ये मोजतात, आणि पिंग वाढला की खेळ अडखळतो. या शब्दाचा एक भारदस्त विस्तार सांगितला जातो. परंतु अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले होते, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. 'मेटा', म्हणजे त्या काळात सर्वांत फलदायी मानली जाणारी खेळण्याची रीत, याचाही विस्तार 'उपलब्ध असलेले सर्वांत परिणामकारक डावपेच' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी केला जातो, आणि तो अर्थाला इतका चपखल बसतो की खोटा वाटत नाही. प्रत्यक्षात हा 'मेटागेम' या शब्दाचा पूर्वार्ध आहे. तो ग्रीक उपसर्गापासून बनला आहे आणि नायजेल हॉवर्ड यांच्या १९७१ च्या खेळ-सिद्धांतावरील ग्रंथाच्या नावातच आढळतो. 'पोन', म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पुरता धुव्वा उडवणे, यालाही विस्तार चिकटवले गेले. पण ओ आणि पी या शेजारच्या कळांवर बोट घसरून 'ओन' या शब्दाचे हे रूप झाले, हाच उलगडा सर्वांत पटणारा आहे. संस्कृत शब्दांच्या लोकव्युत्पत्ती ज्या हौसेने रचल्या जातात, तीच हौस येथेही आहे. जुना पुरावा शोधला की तिचा निकाल लागतो. 'ओएमजी' हा उद्गार आजच्या मुलांचा मानला जातो, तो ब्रिटिश नौदलप्रमुख राहिलेल्या लॉर्ड फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ रोजी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि तोही विस्तारासकट.

या शब्दसंपत्तीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. जीजीला 'ईझी' जोडले की सौजन्याचा अपमान होतो, कारण त्याचा अर्थ 'तुम्हांला हरवणे सोपे होते' असा निघतो. २०१६ साली आलेल्या 'ओव्हरवॉच' या खेळात हे इतके बोकाळले की ब्लिझर्डने त्याच वर्षी एक चाळणी बसवली. कोणी ही अक्षरे लिहिली की त्यांच्या जागी लिहिणाऱ्याच्याच तोंडी समोरच्याची स्तुती किंवा बालिश कबुली घालणारे वाक्य आपोआप उमटे. 'केवायएस' हा संक्षेप मात्र चाळणीवर सोडून देण्याजोगा नाही. समोरच्याला जीव द्यायला सांगणारी ती तीन अक्षरे आहेत. आपल्या मुलाला कोणी ती लिहिली, किंवा मुलानेच ती कोणाला लिहिली, तर ती खेळातली नेहमीची भाषा आहे असे समजून पालकांनी सोडून देऊ नये.

भारतात या शब्दांचा प्रसार आधी नेट कॅफेंतून झाला आणि नंतर मोबाइलवर. 'पबजी मोबाइल'वर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ ॲपांसह बंदी घातली आणि २ जुलै २०२१ रोजी त्याची भारतीय आवृत्ती 'बीजीएमआय' या नावाने आली. फोनवर दोन्ही अंगठे खेळात गुंतलेले असल्याने लिहिण्याऐवजी बोलणे वाढले, आणि लिहिण्यासाठी जन्मलेले संक्षेप आता उच्चारले जाऊ लागले. उच्चारले गेले की मराठी व्याकरण त्यांचा ताबा घेते: गडी 'एएफके जातो', म्हणजे कीबोर्डपासून दूर होतो, जरी फोनला वेगळा कीबोर्ड नसतो, बंदूक 'नर्फ केली' जाते, म्हणजे तिची ताकद कमी केली जाते, आणि नवख्या 'नूब'चे अनेकवचन 'नूबांना' असे विभक्तीसह येते.

मोल्सवर्थने १८३१ च्या मराठी कोशासाठी आणि दाते-कर्वे यांनी १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'साठी निरनिराळ्या धंद्यांचे व प्रदेशांचे शब्द कष्टाने गोळा केले, म्हणून ते आज हाताशी आहेत. चॅटमधल्या ओळी त्यांहून नाशवंत आहेत, कारण खेळाचा सर्व्हर बंद झाला की त्या कायमच्या जातात. ज्या मराठी मुला-मुलींच्या कानांवर हे शब्द रोज पडतात त्यांनी एक वही करावी आणि तीत शब्द, तो ऐकला तो खेळ, वर्ष, गाव आणि तो पूर्ण वाक्यात कसा आला होता, इतके लिहून ठेवावे.